‘हमला’ आणि भांडाराचे संगणकावरील शिक्षण
* ‘हमला’ : मुंबईत मालाडच्या मार्वे किनाऱ्यावरील भारतीय नौदलाचा तळ (आयएनएस हमला). नौदलाच्या लॉजिस्टिक्स शाखेचे अधिकारी व नाविक येथे प्रशिक्षण घेतात. सुट्या भागांची मागणी, साठा, वाटप हे सारे आता संगणकावर नोंदले जात असल्याने भांडाराचे कामही संगणकावरच शिकणे ओघाने आले. सरावाच्या नोंदीत एक अंक चुकला तर तो दुरुस्त करता येतो. नौकेवर तीच चूक यंत्र बंद पाडू शकते, म्हणून या सरावाचे मोल मोठे. लष्कराच्या आयुध कोअरचे असे शिक्षण जबलपूरच्या ‘मिलिटरी कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट’मध्ये होते. विदर्भातील पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार याच कोअरचे. — संपा.