डॉक्टरांनी सांगितलेली ‘मुदत’ चुकली, तर त्यांच्यावर खटला भरता येतो का?

“फार तर सहा महिने.” घरातल्या रुग्णाबद्दल डॉक्टरांच्या तोंडून हे शब्द ऐकले, की सगळे निर्णय त्या सहा महिन्यांभोवती फिरू लागतात. कोणी जमीन विकायला काढतं, कोणी नोकरी सोडून गावी परततं, कोणी मुलीचं लग्न घाईत उरकून घेतं. मग रुग्ण तीन वर्षं जगतो किंवा तीन आठवड्यांतच जातो. दोन्ही वेळा एक प्रश्न मागे राहतो: या चुकीची जबाबदारी डॉक्टरांवर येते का?

थोडक्यात उत्तर असं, की केवळ अंदाज चुकला म्हणून भरपाई मिळणं फार कठीण आहे. पण तो अंदाज ज्या निदानावर उभा होता त्यातच हलगर्जीपणा झाला असेल, तर दाद मागता येते.

अंदाज कितपत बरोबर येतात?

शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, दोनच वर्षं उरल्याचं सांगण्यात आलं होतं. ते २०१८ मध्ये, ७६व्या वर्षी गेले.

अर्थात अशी उदाहरणं अपवादच असतात. बहुतेक वेळा चूक उलट्या दिशेने होते. अमेरिकेतल्या शिकागो भागात ४६८ मरणासन्न रुग्णांबद्दल डॉक्टरांचे अंदाज नोंदवले गेले आणि तो अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फक्त २० टक्के अंदाज बरोबर निघाले. ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त आयुष्य सांगितलं होतं.

यामागे आकड्याचा अर्थही आहे. ‘या आजारात आठ महिने’ असं म्हटलं जातं तेव्हा तो आकडा बहुधा मध्यक असतो. म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतरही जगतात. समोरचा रुग्ण कोणत्या निम्म्यात आहे, हे तो आकडा सांगत नाही.

भारतातला कायदा काय म्हणतो?

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात स्पष्ट केलं. मात्र सर्वांवर पूर्णपणे मोफत उपचार करणाऱ्या रुग्णालयाची सेवा त्यातून वगळली.

२००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात याच न्यायालयाने हलगर्जीपणाची कसोटी सांगितली. त्याच शाखेतल्या साधारण कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली का, एवढं पाहिलं जातं. निर्णयातली साधी चूक किंवा अपघात म्हणजे हलगर्जीपणा नव्हे.

म्हणून तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डॉक्टरांनी आवश्यक काळजी घेतली नाही, नुकसान झालं आणि ते त्याच चुकीमुळे झालं. आयुर्मानाच्या अंदाजात पहिलीच पायरी अवघड जाते, कारण काळजीपूर्वक केलेला अंदाजही चुकू शकतो.

मग दाद कधी मागता येते?

*निदानच चुकलं असेल तर.* बायोप्सी न करता किंवा दुसऱ्याच रुग्णाचा रिपोर्ट पाहून कर्करोग सांगितला, गरज नसताना केमोथेरपी दिली, तर प्रश्न मुदतीचा राहत नाही. तो चुकीच्या निदानाचा आणि उपचारांचा होतो.

*महत्त्वाची माहिती दडवली असेल तर.* उपचारांचं स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय सांगूनच संमती घ्यायला हवी, असं समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतही आजाराचं गांभीर्य फुगवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असा नियम आहे.

मुदत सांगितलीच नाही, तर?

कॅलिफोर्नियातल्या अराटो विरुद्ध अव्हेडन खटल्यात नेमका हाच मुद्दा होता. रुग्णाला १९८० मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं कळलं. खरं काय ते सांगा, असं त्याने फॉर्मवर लिहून दिलं होतं. डॉक्टरांनी आजाराचा धोका सांगितला, पण या आजारात रुग्ण साधारण किती जगतात याची आकडेवारी दिली नाही. वर्षभरात तो गेला. आकडे कळले असते तर त्याने त्रासदायक उपचार टाळले असते आणि व्यवसायाची निरवानिरव केली असती, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. ज्युरीने डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला. १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. प्रत्येक रुग्णाला आयुर्मानाची आकडेवारी सांगितलीच पाहिजे असं बंधन घालता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल भारतात बंधनकारक नाही, पण न्यायालयं या प्रश्नाकडे कसं पाहतात ते त्यातून कळतं.

तक्रार कुठे आणि कधीपर्यंत?

• भरपाईसाठी ग्राहक आयोग. रुग्णालयाला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावं लागतं. ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क नाही.
• मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.
• डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्रात महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाता येतं. तिथे भरपाई मिळत नाही, पण नोंदणीवर कारवाई होऊ शकते.
• केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. वकिलाकडे जाण्याआधी त्या हातात असाव्यात. दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत सोबत असेल तर तक्रारीला बळ येतं.

आकडा ऐकल्यावर काय विचारावं?

‘किती दिवस?’ या प्रश्नाला एकच आकडा मिळतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारता येतात: चांगल्यात चांगलं काय होऊ शकतं, वाईटात वाईट काय, आणि बहुतेक रुग्णांचं काय होतं? हा अंदाज कोणत्या तपासण्यांवर आधारला आहे, हेही विचारावं. घर किंवा जमीन विकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं केव्हाही चांगलं, कारण अंदाज चुकला तरी विकलेली जमीन कोर्टातून परत मिळत नाही.