ठेका आणि कंपवात

गारगोटीच्या शाळेत हलगी वाजू लागली की लेझमीचे पाय आपोआप पडतात. कंपवातात नेमके हे ‘आपोआप’ हरवते. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या रोगाचे वर्णन केले ते सहा जणांवरून. त्यांतले काही तर रस्त्यात दिसलेले! मेंदूतले डोपामीन घटते, चालता चालता पाय जमिनीला खिळतो. घरचे ‘चला लवकर’ म्हणतात, तसा तो जास्तच अडतो. बाहेरून ठेका मिळाला तर मात्र पुष्कळदा सुटतो. 2001 साली न्यूयॉर्कमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने अशा रुग्णांचे वर्ग सुरू केले. पुढे पुण्यात हृषीकेश पवार यांनी. पेशी त्याने परत येत नाहीत, औषधेही सुटत नाहीत. चाल आणि तोल मात्र अनेकांचा सुधारतो.