ताप उतरण्याआधी सावरणारी मज्जा

महाराष्ट्रात दर पावसाळ्यात ‘पेशी कमी झाल्या’ असे ज्या रक्तकणांविषयी काळजीने बोलले जाते, त्या बिंबिकांची, म्हणजेच प्लेटलेट्सची, वैद्यकाला नीट ओळख होऊन अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. इटलीतील तुरिन येथे जूलिओ बिझ्झोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि वाहिनीला इजा होताच हे रंगहीन, चकतीसारखे कण त्या जागी चिकटून थर धरतात, हे 1882 साली मांडले. हे कण तयार कोठे होतात याचा उलगडा मात्र त्यांना झाला नाही, आणि नवल असे की, हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतीत, म्हणजे अस्थिमज्जेत, आढळणाऱ्या ज्या अवाढव्य पेशींत ते उत्तर दडलेले होते, त्या त्यांनी स्वतःच काही वर्षे आधी पाहिलेल्या होत्या.

हा दुवा 1906 साली बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी जुळवला. त्यांनी खास सिद्ध केलेल्या रंगाने मज्जेचे पातळ काप रंगवले, तेव्हा मेगाकॅरिओसाइट या महापेशींच्या अंतरंगातील तांबूस-जांभळे कण आणि बिंबिकांतील कण हुबेहूब सारखे दिसले. शिवाय या पेशींचे लांबट फाटे मज्जेतील रक्तवाहिन्यांत शिरलेले आणि त्यांचे तुकडे सुटे होत असलेलेही आढळले. बिंबिका म्हणजे महापेशीचाच तुटलेला अंश, हे एकदा ठरल्यावर रक्तातील त्यांची घट पाहताना मज्जेकडे वळणे क्रमप्राप्त झाले.

डेंग्यूच्या विषाणूच्या संदर्भात मज्जेकडे वळण्याची ती वेळ आग्नेय आशियात आली. डेंग्यू हा तोवर अंग मोडून काढणारा, पण सहसा जीव न घेणारा ‘हाडमोडी ताप’ मानला जात असे. परंतु 1950 नंतरच्या दशकात मनिलात आणि 1958 साली बँकॉकमध्ये लहान मुले रक्तस्राव होऊन दगावू लागली, आणि या साथींमागे डेंग्यूचेच विषाणू असल्याचे विल्यम हॅमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. थायलंडमधील रुग्णांच्या मज्जेचे नमुने नेल्सन व बिअरमन यांनी अभ्यासले. जाड सुईने ओढून घेतलेल्या या नमुन्यांत तापाच्या पहिल्या दिवसांत पेशींची संख्या रोडावलेली व महापेशी घटलेल्या दिसत, तर ताप उतरण्याच्या सुमारास तीच मज्जा पुन्हा पेशींनी भरलेली असे. 1964-65 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांचे मोल फार मोठे आहे, कारण रक्तातील बिंबिका नीचांकाला जातात त्याच सुमारास त्यांचा कारखाना पुन्हा सुरू झालेला असतो, हे त्यांतून उघड झाले.

घटीचे कारण अर्थात एकटी मज्जा नव्हे. विषाणू मज्जेतील आधारपेशींना बाधतो, प्रतिकारशक्तीने सोडलेली रसायने उत्पादन रोखतात, आणि तयार बिंबिकाही रक्तात नष्ट होतात. रुग्णाच्या जिवाला खरा धोका मात्र बहुधा केशवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपल्याने असतो, आणि म्हणून बँकॉकच्या बालरोगतज्ज्ञांनी द्रव देण्याच्या काटेकोर पद्धतीवर भर देऊन मृत्यूचे प्रमाण खाली आणले.

तरीही केवळ आकडा खाली गेला म्हणून बिंबिका चढवण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ झाली. सिंगापूर व मलेशियातील 372 प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा खबरदारीच्या बिंबिकांनी रक्तस्राव टळला नाही आणि दुष्परिणाम मात्र अधिक आढळले.