आपलं हस्तलिखित आणि वेबवरची पहिली पानं

आपण मार्च 1995 मध्ये दहावीची परीक्षा दिली आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने देशातल्या मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. महाडात आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर उतरतो, एवढंच काय ते आपलं दूरसंचाराचं ज्ञान!

त्याआधीच टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत वेब तयार केलं होतं. पहिली वेबसाइट 1991 मध्ये जगापुढे आली आणि 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं केलं. त्यामुळे कुणाचीही परवानगी न घेता वेबचं पान लिहिता येऊ लागलं. अडचण होती ती जागेची. पान सर्वांना दिसायचं, तर ते सतत चालू असलेल्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर ठेवावं लागतं. यालाच होस्टिंग म्हणतात. तेव्हा ते सामान्यांच्या आवाक्यात नव्हतं.

ही अडचण सोडवणाऱ्यांत जिओसिटीजचं नाव मोठं. डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी 1994 मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या या कंपनीने लोकांना फुकट जागा दिली. तिथे चक्क वस्त्या होत्या. संगणकवाल्यांची सिलिकॉन व्हॅली, साहित्य-शिक्षणाची अथेन्स, विज्ञानकथावाल्यांची एरिया फिफ्टीवन. प्रत्येक पानाला घर क्रमांक. कुणी मांजरांचे फोटो लावले, कुणी कविता.

मीही पुण्याला इंजिनिअरिंगला असताना, 2000 साली, अशाच एका मोफत सेवेवर आपल्या वर्गाचं पान केलं. नोटपॅडमध्ये एचटीएमएल लिहायचं, फ्लॉपीवर घ्यायचं आणि सायबर कॅफेतून चढवायचं. मराठी मजकुराची पंचाईतच होती. तेव्हाच्या मराठी फॉण्टमध्ये लिहिलं आणि बघणाऱ्याकडे तोच फॉण्ट नसला, की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसायची. म्हणून मी आपल्या दहावीच्या हस्तलिखिताची चौदा पानं स्कॅन करून चित्रं म्हणूनच लावली. मुखपृष्ठ सरांनी स्वतः रंगवलेलं, आठवतंय ना?

जुलै 2005 च्या पुरात मूळ हस्तलिखित गेलं. फोनवर हळहळणाऱ्या मैत्रिणीला मी ऐटीत म्हणाले, "काळजी करू नकोस गं, वेबवर आहे की!" माझ्याकडच्या फ्लॉप्या तोवर बाद झाल्या होत्या. दुसरी प्रत मी काढलीच नाही.

जिओसिटीज 1999 मध्ये याहूने विकत घेतली आणि 26 ऑक्टोबर 2009 रोजी बंद केली. लक्षावधी लोकांची पानं त्या दिवशी उतरली. आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी जमेल तेवढी आधीच उतरवून घेतली, म्हणून त्यांचा काही भाग आज तरी पाहता येतो. ती बातमी वाचून मी माझं पान उघडायला गेले, तर तेही नाहीसं झालेलं. सूचना आली असलीच तर कॉलेजच्या जुन्या ईमेलवर, आणि तो मी कित्येक वर्षांत उघडला नव्हता. इंटरनेट आर्काइव्हमध्ये शोधलं. माझा मजकूर सापडला, चित्रं मात्र दोनच. बाकी बारा ठिकाणी रिकामे चौकोन.

इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मी जे शिकले, ते त्या चौकोनांनी आधीच शिकवलं होतं. वेबवर ठेवलेलं म्हणजे जपलेलं नव्हे. आज पहिली वेबसाइट करणं फार सोपं झालंय. गिटहब पेजेससारखी मोफत जागा मिळते, युनिकोडमुळे मराठी जवळपास कुठेही नीट दिसतं. तुमची मुलं एका दुपारी पान तयार करतील. त्यांना एवढंच सांगा: पत्ता, म्हणजे डोमेन, शक्यतो स्वतःच्या नावावर घ्या आणि त्याचं नूतनीकरण चुकवू नका. म्हणजे जागा बदलली तरी पत्ता तोच राहतो. आणि सगळ्या फाइलींची एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावी ठेवा.

आपल्या वर्गाचं पान मी पुन्हा उभं करतेय. मुखपृष्ठ आणि सहावं पान, एवढंच हाती आहे. कुणी हस्तलिखिताची झेरॉक्स काढली होती का? एखाद्या फोटोत मागे ते उघडं दिसतंय का? संमेलनाला येताना जुन्या ट्रंका, अल्बम एकदा चाळा. बारा चौकोन अजून रिकामे आहेत.