‘शीळ’ : मेहकरची कविता आणि तीन मिनिटांची तबकडी

मराठी भावगीताचा इतिहास सांगू लागले की पुणे आणि मुंबई ही दोन नावे आपोआप पुढे येतात. पण ज्या गीताने या प्रकाराला घराघरांत नेले, त्याचा कवी बुलढाणा जिल्ह्यातला, पैनगंगेकाठच्या मेहकरचा. ही कथा त्या कवीची आणि त्याच्या कवितेला आवाज देणाऱ्या गायकाची. दोघांचेही जन्मवर्ष 1909, आणि योगायोग असा की दोघेही कायद्याचे पदवीधर.

कवी नागोराव घनश्याम देशपांडे, म्हणजे न. घ. देशपांडे. गायक गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी.

आधी तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला, 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’. बोलपटाने नाटक कंपन्यांचे दिवस भरत आणले होते. तोवर मराठी माणसाचे गाणे म्हणजे मुख्यतः नाट्यपद: राग, ताना, आलाप आणि ‘वन्समोअर’. एकेक पद रात्री अर्धा अर्धा तास रंगे. ग्रामोफोनच्या तबकडीला ही चैन परवडणारी नव्हती. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्या वेळात रागविस्तार होणे कठीण. एक छोटी कविता मात्र आरंभापासून अखेरपर्यंत नीट ऐकवता येते. भावगीत घडवण्यात कवी-गायकांइतकाच वाटा या यांत्रिक मर्यादेचाही आहे, आणि तो सहसा कोणी मोजत नाही.

जोशींनी नेमके हेच ओळखले. 1930च्या दशकाच्या आरंभी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’साठी त्यांनी न. घं.ची ‘शीळ’ स्वतःच्या चालीत गायिली. कवितेत बोलते ती एक ग्रामीण तरुणी. रानातून प्रियकराची शीळ येते, आणि वेळकाळ न पाळणाऱ्या त्या सख्यावर ती लटकी रागावते. भाषा गावाकडची, लय ठेक्याची. शहरात वाढलेल्या श्रोत्याला त्यातले रान नवे होते आणि खेड्यातल्या श्रोत्याला आपलीच बोली तबकडीतून ऐकणे नवे होते. स्त्रीच्या तोंडची ही कविता पुरुषाने गायिली याचे कोणाला नवल वाटले नाही; शालू नेसलेल्या बालगंधर्वांवर जीव टाकणारा तो महाराष्ट्र होता.

‘शीळ’मागोमाग न. घं.चीच ‘नदीकिनारी’ही जोशींच्या आवाजात आली. गांधारी हनगल या तरुण गायिकेबरोबरची त्यांची युगुलगीतेही लोकप्रिय झाली. ही गांधारी म्हणजेच पुढे किराणा घराण्याच्या थोर गायिका ठरलेल्या गंगूबाई हनगल.

यानंतरचे वळण विलक्षण आहे. नाव झालेले असताना, 1938 मध्ये, जोशी त्याच ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून रुजू झाले. म्हणजे ध्वनिक्षेपकासमोरचा माणूस काचेपलीकडे जाऊन बसला. भावगीत जाहीर मैफलींत आणि गणेशोत्सवांच्या मंडपांत नेण्याचे काम पुढे गजानन वाटव्यांसारख्या गायकांनी केले; जोशी इतरांचे आवाज टिपत राहिले. आपल्या या जगाच्या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’त लिहिल्या. 1967 मधली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची जगभर गाजलेली ध्वनिमुद्रिका जोशींच्याच निर्मितीची. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस आणि त्याचे प्रेम हा तिचा विषय. रान, प्रियकर आणि दुरून येणारा सूर: ‘शीळ’ गाणाऱ्या माणसाला ही कल्पना परकी वाटली नसणार.

गायकाची कारकीर्द म्हणून पाहिले तर ती अल्प ठरते. अधिकाऱ्याची कारकीर्द पाहिली तर दीर्घ. तरी सामान्य श्रोत्याच्या स्मरणात जोशी आहेत ते त्या तरुणपणीच्या तबकड्यांमुळेच.

आणि कवी? न. घ. मेहकरलाच राहिले, वकिली करीत. गावातल्या कंचनीच्या महालाच्या भग्नावशेषांवर त्यांनी पुढे एक दीर्घकाव्यही लिहिले. छापील पुस्तकाची त्यांना घाई नव्हती. ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला 1954 मध्ये, तबकडीनंतर सुमारे दोन दशकांनी. छापील पान हाच अस्सल पुरावा मानणाऱ्या अभ्यासकाने येथे जरा थांबावे: या कवितेचा वाचक तिच्या श्रोत्यानंतर जन्मला आहे. पुस्तक उघडणाऱ्या कित्येकांच्या कानांत चाल आधीच होती.

दुसरा संग्रह ‘अभिसार’ 1963 चा. त्यानंतर ‘खूणगाठी’साठी 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मेहकरच्या या वकिलाला मिळाला, तेव्हा त्यांचे वय होते सत्याहत्तर.