आट्यांचा इतिहास : टॅपपासून थ्रेड मिलिंगपर्यंत

विष्णुपुरी म्हटलं की आपल्याला गोदावरीवरचा बंधारा आणि पाणी उपसणारे पंप आठवतात. आज आपण त्या पंपाच्या एका लहानशा अंगाकडे बघू : पाइप जोडणारे आटे.

१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, तरी आपल्याकडचा शेतकरी दुकानात ‘दीड इंची पाइप’च मागतो. ही नुसती सवय नाही. पाइपाच्या आट्यांचं माप आजही इंचावरच बेतलेलं आहे, आणि त्याचा कोन ५५ अंश. हा कोन इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवला. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसेलच असं नव्हतं. हेन्री मॉड्सले यांनी १८०० च्या सुमारास आटे पाडणारा नेमका लेथ बनवला, म्हणून तर एकसारखे आटे शक्य झाले.

पण शक्य होणं वेगळं आणि सगळ्यांनी मान्य करणं वेगळं. १९०४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, पण अनेकांच्या होजचे आटे तिथल्या नळांना बसेनात. सुमारे दीड हजार इमारती जळाल्या. आट्यांचं प्रमाणीकरण म्हणजे कागदी काम नव्हे, ते यावरून लक्षात येतं.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभारली आणि १९४१ मध्ये हरिहरला त्यांच्या समूहाचा लेथचा कारखाना निघाला. लेथवर बाहेरचे आटे सुरेख निघतात. लहान भोकाच्या आत मात्र टॅपच चालवायचा. टॅप स्वस्त आणि झटपट, पण त्याचा एक धोका प्रत्येक फिटरला ठाऊक आहे. टॅप भोक पूर्ण भरून टाकतो. चिप्स अडकल्या, की तो आतच तुटतो. कडक पोलादाचा तो तुकडा साध्या ड्रिलने निघत नाही. दिवसभर मेहनत केलेला जॉब शेवटच्या भोकात भंगारात जातो, आणि जॉबवर्क करणाऱ्या लहान वर्कशॉपला तो भुर्दंड सोसावा लागतो.

थ्रेड मिलिंगने इथेच वेगळी वाट काढली. पद्धत तशी जुनी. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांचे आटे अशा खास यंत्रांवर पाडले जात. मात्र प्रत्येक कामाला यंत्राची वेगळी मांडणी लागे. पुढे १९५२ मध्ये एमआयटीत आकड्यांच्या आज्ञेवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं गेलं, आणि त्यातूनच आजचं सीएनसी घडलं. तीन अक्ष एकाच वेळी हलू लागले, तेव्हा साध्या मिलिंग सेंटरवरही ही पद्धत जमू लागली.

आता बघा, होतं काय. भोकापेक्षा बारीक कटर आत उतरतो, स्वतःभोवती फिरत भिंतीला भिडतो आणि भोकाभोवती एक पूर्ण फेरी मारताना बरोबर एक पिच वर सरकतो. म्हणजे एम १० च्या साडेआठ मिलिमीटर भोकात एका फेरीला दीड मिलिमीटर. चिप्स बारीक पडतात, जोर कमी लागतो. कटर तुटलाच, तर तो सहसा जॉबमध्ये रुतून बसत नाही, जॉब वाचतो. आटे घट्ट झाले, तर प्रोग्रॅममध्ये त्रिज्येचा आकडा किंचित बदलायचा.

आणि आपल्या पाइपाकडे परत येऊ. एक इंचीपासून सहा इंचीपर्यंत सगळ्या पाइपांना इंचाला ११ आटे असतात. टॅप घ्यायचे तर प्रत्येक मापाला वेगळा. सरळ आट्यांना मात्र ११ आट्यांचा एकच मिलिंग कटर ही सगळी मापं करतो. बदलते ती फक्त फेरीची त्रिज्या.

मग टॅप मोडीत काढायचा का? नाही. नरम धातूत शेकडो लहान भोकं असतील, तर टॅपच परवडतो. महाग जॉब, मोठं भोक किंवा चिवट धातू असेल, तिथे आपण थ्रेड मिलिंगचा हिशेब मांडावा. त्या हिशेबात कटरच्या किमतीसोबत वाया जाऊ शकणाऱ्या जॉबची किंमतही धरावी.