अडवलेली वाट

१८६७ साली बर्लिन येथे यूलियस कोनहाइम या रोगशास्त्रज्ञाने बेडकाच्या आतड्याला धरून असणारे पातळ आवरण सूक्ष्मदर्शकाखाली पसरले आणि ते तासन् तास न्याहाळले. दाह सुरू होताच रक्तातील पांढऱ्या पेशी मंदावत, शिरेच्या भिंतीला बिलगत आणि मग त्या भिंतीतून सावकाश बाहेर पडत. पू म्हणजे भिंतीपलीकडे आलेल्या याच पेशी, हे त्याने दाखवून दिले. त्या भिंतीला चिकटतात तरी कशाने, हे कळायला मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत हार्वर्ड येथे टिमथी स्प्रिंगर व त्यांचे सहकारी यांनी पांढऱ्या पेशींवरील एलएफए-१ हा रेणू आणि भिंतीवरचा त्याचा जोडीदार आयकॅम-१ यांचा उलगडा केला. त्याच दशकात एका करुण कोड्याचाही अर्थ लागला. काही अर्भकांची नाळ वेळेवर गळत नसे. त्यांना वरचेवर जंतुसंसर्ग होई, पण जखमेत पू धरत नसे. त्यांच्या पेशींवर एलएफए-१ व त्याचे भाईबंद जन्मतःच नव्हते, किंवा अगदी थोडे होते. रक्तात पेशी विपुल, परंतु बाहेर पडण्यास असमर्थ! इशारा म्हणून एवढे पुरेसे होते, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

सोरायसिसमध्ये याच्या उलट घडते. टी-पेशी त्वचेत गर्दी करतात, कातडी जाड होते, तिचे पापुद्रे सुटतात. ऐन वैशाखात लांब बाह्यांचा सदरा घालून चारचौघांत बसणारा रुग्ण ज्याने पाहिला आहे, त्याला या व्याधीचे दुःख निराळे सांगावयास नको. या पेशींची वाट अडवावी म्हणून एलएफए-१ ला झाकणारे एफालिझुमॅब हे प्रतिपिंड तयार झाले. ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. आठवड्यातून एक टोचणी. बारा आठवड्यांत सुमारे चौथाई रुग्णांचा रोग तीनचतुर्थांशाने ओसरे.

पुढे, तीन वर्षांहून अधिक काळ हे औषध घेतलेल्या रुग्णांत मेंदू पोखरणारा एक दुर्मिळ विकार आढळला. निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात निमूट वास करणारा जेसी विषाणू त्याला कारण होता. पहारेकऱ्यांची वाट अडली, आणि तो जागा झाला. असे रुग्ण निश्चित तीन, संशयित एक. फेब्रुवारी २००९ मध्ये युरोपच्या औषध-नियामक संस्थेने विक्री स्थगित करण्याची शिफारस केली; एप्रिलमध्ये उत्पादकाने अमेरिकेतूनही औषध मागे घेतल्याचे जाहीर केले.

हजारोंचा दिलासा एका पारड्यात आणि मूठभरांचा जीव दुसऱ्यात! सरकारी टिपणे लिहिण्यात ज्याची हयात चालली आहे, त्यालाही असा हिशेब नुसत्या आकड्यांवर मांडता येत नाही. सोरायसिसला अन्य औषधे उपलब्ध होती, म्हणून तो निर्णय मला योग्य वाटतो. मज्जासंस्थेच्या मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगावरील नटालिझुमॅब हे अशाच जातीचे औषध. तेही याच विकारापायी २००५ मध्ये थांबविले गेले, पण २००६ मध्ये कडक अटींसह परत आले, कारण त्या रुग्णांपुढे पर्याय फार थोडे होते.

वाट पुरती बंद झाली नाही. २०१३ मध्ये बंगळूरच्या बायोकॉनने टी-पेशींवरील सीडी-६ या निराळ्या रेणूला बांधणारे इटोलिझुमॅब सोरायसिससाठी भारतात आणले. आणि एलएफए-१ ला अडविणारे लिफिटेग्रास्ट २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तेही कोरड्या डोळ्यांसाठी. ते डोळ्यांत थेंबाने घालतात. रक्तात त्याचा अंश फारच थोडा उतरतो.